शेवटच्या ओळीतील श्रोता

देवाच्या नावाने चार माणसे एकत्र जमली, की तेथे देवाचे सान्निध्य असते, ही श्रद्धा बहुतेक सर्व धर्मांत आढळते. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर येशूने आपल्या शिष्यांस हे आश्वासनच दिले आहे, आणि त्यासाठी मोठ्या समुदायाची अटही घातलेली नाही. दोघे-तिघे पुरेसे मानले आहेत. परंतु माणसे जमली, म्हणजे देवाबरोबर माणसांचे स्वभावही सभेत येऊन बसतात. मानपान येतो, पुढे बसण्याची हौस येते, आपलाच आवाज ऐकविण्याची उत्कंठा येते, पंगतीतला भेद येतो. म्हणूनच सभा भरविणे सोपे, सभेचा धर्म सांभाळणे मात्र कठीण.

नाताळच्या निमित्ताने ख्रिस्ती बांधवांची मंदिरे भाविकांनी भरून जातात. या दिवसांत येशूजन्माच्या कथेविषयी पुष्कळ लिहिले जाते. आम्ही आज वाचकांपुढे निराळा विषय ठेवू इच्छितो. ख्रिस्ती मंडळीने एकत्र जमावे कसे, जेवावे कसे, बोलावे कसे आणि गप्प केव्हा बसावे, याविषयी बायबलात काय सांगितले आहे? नारदाच्या गादीवर उभे राहून श्रोत्यांसमोर बोलण्यात आमचे आयुष्य गेले. साहजिकच या प्रश्नाविषयी आम्हांस विशेष आस्था आहे; कारण सभा चुकते कोठे आणि सावरते कोठे, हे ज्याला रोज पाहावे लागते त्याला दुसऱ्याच्या घरची शिस्तही बोधप्रद वाटते.

दोन समुद्रांमधले नगर

या शिस्तीचा सर्वांत सविस्तर विचार पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात सापडतो. करिंथ हे ग्रीस देशातील नगर दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या भूपट्टीजवळ वसलेले. पश्चिमेस लेखायन आणि पूर्वेस किंख्रिया अशी त्याची दोन बंदरे. रोमन सैन्याने इ. स. पूर्व १४६ मध्ये ते उद्ध्वस्त केले, पुढे इ. स. पूर्व ४४ मध्ये ज्यूलियस सीझरने तेथे नवी वसाहत स्थापिली. दास्यातून मुक्त झालेले लोक, व्यापारी, खलाशी, कारागीर अशा नाना तऱ्हेच्या माणसांनी ते पुन्हा गजबजले. इ. स. ५० च्या सुमारास पौल तेथे आला. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याचा तंबू तयार करण्याचा व्यवसाय होता. पौलालाही तेच काम येत असे. त्यांच्याकडे राहून, स्वतःच्या हातांनी पोट भरीत, त्याने तेथे सुमारे दीड वर्ष उपदेश केला.

चर्चची स्वतंत्र इमारत ही वस्तू त्या काळी नव्हतीच. मंडळी जमे ती कोणाच्या तरी घरी. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस साऱ्या मंडळीचे आतिथ्य करणाऱ्या गायस नावाच्या यजमानाचा आणि नगराच्या खजिनदाराचा उल्लेख आहे. ते पत्र करिंथहूनच लिहिले गेले असे अभ्यासक मानतात. म्हणजे मंडळीत थोडेबहुत संपन्न लोक होते. पण बहुसंख्य माणसे कुलवंत नव्हती, बलवान नव्हती, हे पौल स्वतःच बजावतो. मोलकरी होते, कारागीर होते, दासही होते. धनी आणि दास एकाच छताखाली, एकाच देवाचे नाव घेण्यास जमत. त्या जगात हे नवल होते. आणि कलहाचे बीजही त्यातच होते.

पौल पुढे इफिस नगरी गेला. तेथे ख्लोवेच्या घरच्या माणसांनी त्याला करिंथची खबर सांगितली. मंडळीत तट पडले होते. कोणी म्हणे आम्ही पौलाचे, कोणी अपुल्लोचे, कोणी केफाचे. शिवाय मंडळीकडून प्रश्न विचारणारे पत्रही आले होते. या सर्वांस उत्तर म्हणून इ. स. ५३ ते ५५ च्या दरम्यान हे सोळा अध्यायांचे पत्र लिहिले गेले. त्यातील अकरा ते चौदा हे चार अध्याय म्हणजे सभेच्या धर्माचे जणू एक छोटे शास्त्रच होय.

आधी पंगत, मग प्रवचन

पौल आरंभ करतो तो जेवणापासून. येशूने आपल्या अखेरच्या रात्री शिष्यांबरोबर केलेल्या भोजनाचे स्मरण म्हणून मंडळी भाकर व द्राक्षारस घेत असे. त्यास प्रभुभोजन म्हणतात. करिंथ येथे हा विधी खऱ्याखुऱ्या जेवणाबरोबरच होई. ज्यांना सवड होती ते लवकर येत, आपले अन्न घेऊन बसत आणि जेवून मोकळे होत. दिवसभर राबणारे मागाहून येत. रविवारची सुटी त्या काळी अस्तित्वात नव्हती. रोमन साम्राज्यात ती सम्राट कॉन्स्टन्टाइनने इ. स. ३२१ मध्ये दिली. कष्टकरी मनुष्य काम आटोपून पोहोचे, तोवर एकाचे पोट तुडुंब भरलेले, दुसऱ्यास मद्य चढलेले आणि हा उपाशी! रोमन घरातील भोजनगृहात तीन आसनांवर नऊ जण रेलून बसण्याची रीत होती. निवडक पाहुणे तेथे आणि बाकीची मंडळी बाहेरच्या चौकात, अशी विभागणी होत असावी, असे अनेक विद्वानांचे अनुमान आहे.

पौलाने यावर दिलेला निर्णय अत्यंत कठोर आहे. तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच, असे तो स्पष्ट सांगतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजविता आणि देवाच्या मंडळीचा अवमान करिता, असा त्याचा आरोप आहे.

मीमांसाशास्त्रात कर्माचे प्रधान आणि अंग असे विभाग केले जातात. अंगात उणेपणा राहिला तर प्रायश्चित्ताने भरून काढता येतो. प्रधानच चुकले तर कर्म झालेच नाही असे ठरते. करिंथकरांची समजूत अशी दिसते, की भाकर मोडणे आणि प्याला घेणे हे प्रधान कर्म. मागून येणाऱ्याची वाट पाहणे हा केवळ शिष्टाचार. पौल हा क्रम पालटून टाकतो. भाकर होती, प्याला होता, प्रभूचे नावही होते. पण एक भाऊ उपाशी राहिला, म्हणून सारे कर्म निष्फळ! त्याने सांगितलेला उपाय दोन ओळींत मावेल इतका साधा आहे. एकमेकांसाठी थांबा, भूक आवरत नसेल तर घरून खाऊन या.

येथे पौल शरीराचा दृष्टान्त घेतो. लिव्ही या रोमन इतिहासकाराने एक जुनी कथा नोंदविली आहे. रोमची सामान्य प्रजा उमरावांवर रुसून नगराबाहेर गेली असता मेनेनियस अग्रिप्पा याने तिला पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगून माघारी आणिले. अवयवांनी पोटाविरुद्ध बंड केले तर तेच क्षीण होतात. तात्पर्य, खालच्यांनी वरच्यांशी भांडू नये. पौलही शरीराचीच उपमा देतो, पण तिचा रोख उलटा आहे. डोळ्याने हाताला तुझी गरज नाही असे म्हणू नये; आणि शरीराचे जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक आवश्यक असतात, म्हणून त्यांस अधिक मान द्यावा, असे तो वरच्यांना सुनावतो.

पाच शब्द आणि दहा हजार शब्द

पंगतीनंतर वाणीचा प्रश्न येतो. करिंथच्या मंडळीत काही जणांस प्रार्थनेच्या आवेशात अशी वाणी स्फुरे, की तिचा अर्थ इतरांस कळत नसे. ख्रिस्ती परिभाषेत यास अन्य भाषांचे दान म्हणतात. ज्यांस हे दान लाभले त्यांस त्याचा अभिमान वाटू लागला आणि एकाच वेळी अनेक जण बोलू लागले. पौल या दानाचा निषेध करीत नाही. आपणांसही ते विपुल लाभले आहे असे तो सांगतो. मात्र सभेत न कळणारे दहा हजार शब्द उच्चारण्यापेक्षा दुसऱ्यास शिकविता येतील असे समजून उच्चारलेले पाच शब्द त्याला अधिक प्रिय आहेत.

त्याचे दाखले वाद्यांचे आहेत. पावा आणि वीणा यांचे सूर निरनिराळे उमटले नाहीत तर काय वाजते ते कसे ओळखावे? रणशिंगाचा ध्वनी अस्पष्ट निघाला तर लढाईस कोण सज्ज होईल? आणि मधल्या तेराव्या अध्यायात, प्रेम नसेल तर दिव्य वाणीसुद्धा नुसती वाजणारी झांज होय, असे तो म्हणतो. आम्हां कीर्तनकारांचे सारे आयुष्य टाळ-झांजांच्या नादात जाते. झांज श्रोत्यास जागे करते, पण ती त्यास काही सांगू शकत नाही, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार?

या सर्व विचाराच्या मध्यभागी पौलाने एक मनुष्य बसविला आहे. तो विद्वान नाही, दीक्षित नाही. नुकताच दारातून आत आलेला, मागे बसलेला साधा मनुष्य आहे. तुमची प्रार्थना त्याला कळलीच नाही तर तिच्या अखेरीस त्याने ‘आमेन’ म्हणजे ‘तथास्तु’ कसे म्हणावे? आणि सर्वांनी एकदम न कळणारी वाणी सुरू केली तर तो तुम्हांस वेडे नाही का समजणार? सभेच्या यशाची कसोटी वक्त्याच्या प्रतिभेकडून काढून घेऊन शेवटच्या ओळीतील श्रोत्याच्या हाती देणारा हा विचार आहे. संस्कृत विद्येच्या उपासकांस तर तो विशेष मनन करण्याजोगा आहे. अर्थ न सांगता श्लोकामागून श्लोक म्हणत गेल्याने वक्त्याचा दबदबा वाढतो. श्रोता मात्र रिकाम्या हातांनी घरी जातो.

यावरून पौलाने काढलेले नियम मोजकेच आहेत. अन्य भाषेत बोलायचे तर दोघांनी, फार तर तिघांनी बोलावे. तेही एकामागून एक. कोणी तरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर त्या माणसाने सभेत मौन धरावे आणि मनातल्या मनात देवाशी बोलावे. देवाचा संदेश सांगणाऱ्यांनीही दोघा-तिघांनीच बोलावे आणि इतरांनी त्याची पारख करावी. बसलेल्यांपैकी कोणास काही स्फुरले तर बोलणाऱ्याने थांबून त्यास जागा द्यावी. आवेश आवरत नाही ही सबब तो मान्य करीत नाही. वक्त्याची स्फूर्ती वक्त्याच्या अधीन असते, असे त्याचे म्हणणे. कारण ज्याच्या नावाने सभा भरते तो देव गोंधळाचा नसून शांतीचा आहे. पण म्हणून सभा मुकी करावी असे मात्र तो कोठेही सुचवीत नाही. प्रत्येकाजवळ काही ना काही असते. कोणाजवळ स्तोत्र, कोणाजवळ शिकवण. त्या सर्वांनी मंडळीची उभारणी व्हावी, एवढीच अट.

वादाचे एक स्थळ

याच चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असेही एक वचन आहे. ते लपवून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या वचनाच्या आधारे अनेक ख्रिस्ती पंथांनी शतकानुशतके स्त्रियांस उपदेशाचा अधिकार नाकारला आणि काही पंथ आजही नाकारतात. परंतु त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया सभेत प्रार्थना करतात, देवाचा संदेश सांगतात, हे गृहीत धरून त्यांनी मस्तक आच्छादावे एवढेच सांगितले आहे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा जुना वाद होय. काही प्राचीन हस्तलिखितांत ते वचन अध्यायाच्या अगदी शेवटी येते. त्यावरून ते मागाहून समासातून मूळ संहितेत शिरले असावे, असे काही पाठचिकित्सक मानतात. तर इतर पंडित ते मूळचेच मानून, सभेत चाललेल्या विशिष्ट गडबडीपुरता त्याचा अर्थ लावतात. पौलाच्या कार्यात प्रिस्किल्लेसारखी शिक्षिका आणि किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी यांना मानाचे स्थान होते, ही गोष्ट मात्र पत्रांवरून निर्विवाद ठरते.

इतर ग्रंथांतील सूचना

बायबलातील इतर लेखकांनीही या शिस्तीस पुष्टी दिली आहे. याकोबाचे पत्र आसनांविषयी बोलते. सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य सभेत आला म्हणजे त्यास उत्तम आसन आणि मळकट वस्त्रांतील गरिबास उभे ठेवणे किंवा पायांशी बसविणे, हे ते पाप ठरविते. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार वेदीपाशी दान नेताना भावाचे आपल्याविषयी काही गाऱ्हाणे आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी समेट करून यावे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात यरुशलेमच्या मंडळीची हकिकत आहे. तेथे रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषी विधवांची उपेक्षा होऊ लागली, तेव्हा उपदेशकांनी ही क्षुल्लक बाब म्हणून झटकून टाकली नाही; त्या कामासाठी सात विश्वासू माणसे नेमण्यात आली. तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या प्रमुखाची लक्षणे दिली आहेत. तो मद्यासक्त नसावा, भांडखोर नसावा, द्रव्यलोभी नसावा. अतिथीचे स्वागत करणारा आणि शिकविण्यास समर्थ असावा.

दीर्घ भाषणाविषयी बायबलात नियम नाही, पण एक गोष्ट मात्र आहे. त्रोवस येथे पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता. त्यास झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी तो मेला असे समजून उचलले. पौलाने खाली जाऊन त्यास कवटाळले आणि तो जिवंत असल्याचे सांगितले. त्यानंतर पौल पहाटेपर्यंत बोलत राहिला! ही कथा आम्हां व्याख्यात्या-कीर्तनकारांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

लोकांच्या भाषेकडे

पुढच्या पिढ्यांनी ही शिस्त पाळली काय? कधी पाळली, कधी मोडली. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन या लेखकाने रोमन सम्राटास उद्देशून रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. ग्रंथवाचन, प्रमुखाचा उपदेश, सर्वांनी उभे राहून प्रार्थना, भाकर व प्याला. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी तो प्रसाद घरी पोहोचविला जाई. जमलेले दान अनाथ, विधवा, रोगी, बंदिवान आणि परदेशी यांच्यासाठी असे. मागून येणाऱ्यासाठी थांबण्याचा पौलाचा नियम येथे न येणाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचला.

भाषेचा नियम मात्र दीर्घकाळ मागे पडला. पश्चिम युरोपात लॅटिन ही एके काळची लोकभाषा विद्वानांपुरती उरली, तरी कॅथलिक उपासना तीतच चालू राहिली. मार्टिन ल्यूथरने इ. स. १५२६ मध्ये जर्मन भाषेतील उपासनाविधी प्रसिद्ध केला. कॅथलिक पंथात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी लोकभाषांस वाट मोकळी करून दिली. भाविकांनी उपासनेत समजून-उमजून भाग घ्यावा हे त्यामागचे मुख्य सूत्र होते. त्यानंतर गोव्यात कोंकणीतून आणि महाराष्ट्रात मराठीतून मिस्सा होऊ लागली.

मराठीने या कामी आपला वाटा फार पूर्वीच उचलला होता. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने गोव्यात राहून ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचिले. ते १६१६ मध्ये छापून निघाले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या संस्कृतातील अधिकारामुळे. त्याच रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावी बसून हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे कष्ट उपसले. कमी शिकलेल्या स्त्रियांस ते कळावे, हा त्यांचा हेतू होता. पांडित्य केवढे आणि ते वाकले कोणासाठी! रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी भजनांची परंपरा ख्रिस्ती उपासनेत रुजविली. त्यांची पदे मराठी ख्रिस्ती मंडळींत आजही गाइली जातात.

आणि पंगतीचा नियम? तोही आपल्या देशात कसोटीस लागला. दक्षिणेतील तंजावर प्रांतीच्या ख्रिस्ती मंडळींत जातीजातींची आसने निराळी असत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये, मंडळीतील जातिभेद तत्काळ सोडावा, असा आदेश काढला. पुष्कळांनी तो मानला नाही आणि काही जण मंडळी सोडून गेले. धर्मग्रंथात नियम असला म्हणजे तो सभेत आपोआप उतरत नाही, याची ही साक्ष होय. या बाबतीत आपणही दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. पंढरीच्या विठ्ठलाचे दार हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले होते.

तात्पर्य, करिंथच्या त्या घरात उपस्थित झालेले दोन प्रश्न एकोणीसशेहून अधिक वर्षांनंतरही जुने झालेले नाहीत. सर्वांत उशिरा आलेल्यास जेवण मिळाले काय? आणि सर्वांत मागे बसलेल्यास अर्थ कळला काय? मंडप केवढा होता, दिवे किती लागले, वक्ता किती गाजला, हे हिशेब पौल विचारीतच नाही. नाताळाची घंटा वाजो की एकादशीचा टाळ वाजो, ज्या ज्या सभेत या दोन प्रश्नांस ‘होय’ असे उत्तर मिळेल, त्या सभेत तो साधा माणूस आपण होऊन आमेन म्हणेल, तथास्तु म्हणेल. आणि ज्याच्या नावाने ती सभा भरली, त्याला याहून निराळी पूजा ती कोणती हवी?